बिरड्याचं बियाणं

पाटीवर लिहिलं होतं, आत यायला सक्त मनाई. लिहिणाऱ्यानं खाली लाल रेघसुद्धा ओढली होती. मी पाटी नीट वाचली, म्हणजे वाचली नव्हती असं उद्या कोणी म्हणायला नको, आणि कुंपणाची तार जिथं वाकली होती तिथून ओढणी सावरून आत शिरले. लोदच्या ज्या रांगेत मी लहानाची मोठी झाले तिथं जायला मला कोण मनाई करणार?

रांग म्हणजे आमचा शिकून. इस्राएलच्या सरकारनं बाहेरून आलेल्या लोकांसाठी एका साच्यातली घरं बांधली, त्यांना इथं शिकून म्हणतात. आमच्या रांगेत बहुतेक सगळे बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे यहुदी, म्हणून आजूबाजूचे तिला हिंदींची रांग म्हणायचे. आता सगळी घरं रिकामी. दारं काढून नेलेली, खिडक्या काढून नेलेल्या. पलीकडच्या मैदानात पिवळा बुलडोझर उभा होता आणि त्याच्या सावलीत एक पहारेकरी स्टुलावर पेंगत होता. त्याची झोप मोडायच्या आत मला वालाचा वेल शोधायचा होता.

वेलाची गोष्ट अशी. माझी आई गेली काही वर्षं माझ्याकडे अश्केलोनला राहते. तिच्या फळीवर एक काचेची बरणी असायची, तिच्यात कडवे वाल. ते खायचे नव्हेत, ते बियाणं. माझी भावजय रोझा मूळची ट्युनिसची. मनानं सोनं, पण स्वयंपाकघरात शिरली की वाऱ्यासारखी. मी लोदला गेले त्याच्या आदल्या शुक्रवारी आमच्याकडे आली, शनवारच्या जेवणाची हंडी तिनंच चढवली. शनवारी विस्तव पेटवायचा नसतो, म्हणून शुक्रवारी दिवस मावळायच्या आत मंद आचेवर ठेवायची आणि शनवारी दुपारी उघडायची ती ही हंडी. गहू, बटाटे, मटण, अंडी आणि मूठभर कसल्या तरी शेंगांचे दाणे. रोझाला दाणे कमी पडले. तिनं बरणी बघितली आणि उपडी केली. न भिजवता, न सोलता.

शनवारी दुपारी आईनं पहिला घास तोंडात घेतला आणि तिचा जबडा थांबला. कडू लागलं म्हणून आम्ही सगळेच तोंडं वाकडी करत होतो, पण आई चव घेत होती.

"हे माझे वाल," ती म्हणाली.

रोझाला मराठी येत नाही, पण तेवढं तिला कळलं. ती उठून बरणी बघून आली आणि रडायलाच लागली. आईनं तिच्या पाठीवरून हात फिरवला. "रडू नको गो. तुला कोणी सांगितलंच नव्हतं." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "उद्या सकाळी लोदला जा. तिथं वेल असेल."

"आई, ती रांग पाडतायत."

"म्हणूनच उद्या जा म्हणते. परवा जाऊन काय, मातीला विचारणार?"

"या आठवड्यात बिरड्याचा सण आहे, मला कळतंय. पण रामला शहरातल्या दुकानात वाल मिळतात आता. आणते पिशवीभर."

"ते वाल आहेत," आई म्हणाली. "हे आपले वाल होते."

माझ्या आईशी वाद घालून कोणी जिंकलं असेल तर मला दाखवा, मी त्याचे पाय धरीन.

तर मी आत शिरले. आमच्या घराला आता दार नव्हतं, पण उंबऱ्याला जिथं बाबा बूट आपटायचे तिथला टवका तसाच होता. बाबा विमानतळावर कामाला होते आणि घरी येताना तेलाचा वास घेऊन यायचे. आई त्यांना दारातच थांबवायची आणि हसायची. "आले शनवार तेली!" कोकणात आमच्या लोकांना तेच नाव होतं. घाण्यावर तेल गाळायचे आणि शनवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून शनवार तेली. कोणी हिणवायला म्हणत नसे, ती ओळख होती. आम्ही कोण ते गावाला ठाऊक होतं. आम्ही कोण हा प्रश्न आम्हांला पहिल्यांदा कोणी विचारला असेल तर तो इथं, यहुद्यांच्याच देशात. वा रे देश!

वासावरून वार सांगता यायचा त्या रांगेत. गुरुवारी मासळी, आणि तीही धर्माप्रमाणे खवलं आणि पर असलेलीच. शुक्रवारी दुपारपासून खोबऱ्याचा. खोबरं म्हणजे आमचं दूध. मटणात दुधाचा थेंब चालत नाही, म्हणून कोकणात आमच्या बायकांनी नारळाच्या दुधात सगळं शिजवलं. पण लोदला नारळ कुठला? मुंबईहून कोणी पाहुणा आला तर एखादा नारळ यायचा, आणि तो फोडायच्या दिवशी अर्धी रांग आमच्या दारात. सोफीमावशी, आमची भिंतीला भिंत लागून असलेली शेजारीण, करवंटी हुंगायची आणि म्हणायची, "मला वास पुरे, खोबरं तुम्ही खा." आणि सगळ्यांत मोठा तुकडा तीच न्यायची.

नव्याच्या सणाला, म्हणजे वर्ष उजाडायच्या सणाला, गव्हाच्या चिकाचा हलवा. गहू भिजवायचे, वाटायचे, गाळायचे, खाली बसलेला पांढरा चीक घ्यायचा आणि ढवळत राहायचं, हात गळून पडेपर्यंत. एका बाईचं काम नव्हेच ते. बायका पाळी लावून ढवळायच्या, आणि ज्या बाईच्या पाळीत तो खाली लागेल तिचं नाव वर्षभर निघायचं. नवस फेडायला मलिदा. ताटात गोड पोहे, खोबरं, फळं, गुलाबाच्या पाकळ्या, आणि एलियाहू नबीचं नाव घेऊन गायलेली गाणी. शाळेत मुली मला विचारायच्या, "तुझ्या डब्यातून गुलाबाचा वास का येतो?" मी म्हणायची, "तुझ्या डब्यातून कसलाच का येत नाही?"

पण वर्षातला माझा दिवस होता बिरड्याचा.

येरुशलेमचं मंदिर जळालं त्या दिवसाचा उपास सगळे यहुदी करतात. जमिनीवर बसतात, रडगाणी म्हणतात. आम्हीही करतो, पण आमच्याकडे त्याचं नाव बिरड्याचा सण. वाल आदल्या दिवसांत भिजवून फडक्यात बांधायचे, त्यांना लांब मोड आणायचे, आणि उपासाच्या दिवशी बायकांनी जमिनीवर बसून ते सोलायचे. सालीतून दाणा अंगठ्यानं दाबला की पटकन बाहेर उडतो. बुळबुळीत हात, रिकामं पोट, ओलसर कडवट वास, आणि जुन्या माणसांच्या आठवणी. वाटीत दाणे, सुपात सालं. संध्याकाळी चांदण्या दिसल्या की नारळाचं दूध, आमसूल, हिरवं वाटण, आणि भातावर ते बिरडं. दिवसभराच्या उपासानंतरचा तो पहिला घास! त्याच्यापुढे राजाचं ताट मला नको.

आणि त्याला वाल लागायचे कोकणातलेच. आईनं ते रेवदंड्याहून उशीत भरून आणले होते. विमानतळावरच्या माणसानं उशी दाबून बघितली आणि विचारलं, "ही एवढी टणक का?" आईनं मानेला हात लावला आणि चेहरा असा केला की त्या बिचाऱ्यानं तिला बसायला खुर्ची दिली.

पहिल्याच वर्षी आईनं ते वाल घरामागे, कपडे वाळत घालायच्या खांबाशी लावले. लोदची माती चिकट, पाणी मोजून सुटायचं, तरी वेल खांबावर चढला, तारेवर पसरला, जांभळी फुलं आली. आमची चादर आणि शेजाऱ्यांच्या चड्ड्या त्या फुलांतूनच वाळायच्या. आणि तिथंच आमची गाठ यांकूशी पडली.

यांकू रोमानियाचा. रांगेच्या टोकाला राहायचा आणि वादचा प्रमुख होता. वाद म्हणजे रहिवाशांची समिती. सगळ्यांकडून वर्गणी घ्यायची आणि सगळ्यांवर ओरडायचं. त्याला मागच्या अंगणात हिरवळ हवी होती आणि हिरवळीभोवती गुलाब. तो यायचा, वेलाकडे बोट दाखवायचा आणि म्हणायचा, "असूर!" म्हणजे मनाई. या देशात उतरल्यावर आम्ही शिकलेला पहिला शब्द तोच.

आई त्याच्याकडे गोड हसून बघायची आणि मोडकंतोडकं म्हणायची, "हिब्रू नाही येत." धादांत खोटं! शाळेतून मी जे शिकून यायची ते आई चुलीजवळ बसून माझ्याआधी पाठ करायची. बाजारात भाव करताना तिची हिब्रू तलवारीसारखी चालायची. पण यांकू दिसला की ती तलवार म्यानात. मग तो माझ्याकडे वळायचा. "मुली, तू सांग तिला." आणि मी मधे उभी राहून सांगायची. "आई, हे म्हणतायत वेल उपटा." "त्यांना सांग, आज हवा छान आहे." "ती म्हणते हवा छान आहे." माझे कान लाल व्हायचे. दोन माणसांच्या भांडणात दोघांचेही शब्द माझ्याच तोंडात.

मग एका वर्षी उपासाच्या आदल्या दिवशी त्यानं कात्री आणली आणि वेल बुडापासून कापला. आम्ही बाजारातून, कामावरून आलो तेव्हा तारेवर सुकत चाललेली पानं लोंबत होती. सोफीमावशी कपाळाला हात लावून बसली. बाबा म्हणाले, "जाऊ दे, उगाच भांडण नको."  आईनं फक्त भिजवलेल्या वालांचं फडकं उघडून मोड बघितले आणि पुन्हा बांधलं.

दुसऱ्या दिवशी ऊन चढल्यावर आई सूप घेऊन बाहेर पडली आणि थेट यांकूच्या नव्या हिरवळीवर जाऊन मांडी घालून बसली. तिच्यामागून सोफीमावशी. मग रांगेतल्या सगळ्या बायका, एकेक करून, आपापली फडकी घेऊन. कोणी कोणाला बोलावलं नव्हतं. हिरवळीवर पातळांचा वेढा पडला आणि दाणे उडायला लागले, एखादा कोणावर उडाला की हशा. मी आईच्या मांडीला टेकून सोलत होते.

यांकू धावत आला. त्या दिवशी तोही उपाशी होता, उपासाच्या नियमाप्रमाणे पायात चामड्याचे जोडेही नव्हते. "आज? आज मंदिर जळालं आणि तुम्ही जेवणाची तयारी करता? हसता? हे कसले यहुदी! कुठल्या पुस्तकात लिहिलंय हे?"

 मी तोंड उघडलं भाषांतर करायला, तर आईनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. आणि बोलली. हिब्रूत. एका दमात, एक चूक न करता.

"पुस्तक विचारतोस? आमची पुस्तकं समुद्रात बुडाली. आमचे पूर्वज फुटक्या गलबतातून कोकणच्या किनाऱ्याला लागले तेव्हा त्यांच्या अंगावर कपडेसुद्धा नव्हते. प्रार्थना विसरलो, तुझी भाषा विसरलो. पण मंदिर जळालं हे विसरलो नाही, कारण त्या दिवशी माझ्या पणजीच्या पणजीनं उपाशी पोटी वाल सोलले होते. लिहायला येत नव्हतं तिला, सोलायला येत होतं. तुझ्या आजोबांना सांगायला पुस्तक होतं. आमच्याकडे हे होतं." आणि तिनं बुळबुळीत हातातला दाणा त्याच्यासमोर धरला.

  यांकूनं दाण्याकडे बघितलं, मग आईकडे: "तुला हिब्रू येते?"

"उद्यापासून पुन्हा येणार नाही," आई म्हणाली आणि पुढचा वाल उचलला.

त्यानं कधी माफी मागितली नाही. आम्हीही त्याची वाट बघितली नाही. संध्याकाळी आईनं त्याच्या दारात वाटीभर बिरडं झाकून ठेवलं. वाटी धुऊन परत आली, आत काही नव्हतं, म्हणजे त्यानं खाल्लं की फेकलं ते आजवर ठाऊक नाही. पण कापलेल्या बुडातून काही दिवसांनी कोंब आले, आणि यांकूची कात्री त्या कोपऱ्याला पुन्हा शिवली नाही.

पुढे माणसं पांगली. कोणी अश्केलोनला, कोणी नेतिवोतला मुलाकडे. यांकू गेला, सोफीमावशी गेली, बाबा गेले. माझा भाऊ आईनं मराठीत हाक मारली की हिब्रूत ओ देतो. मी शिकले, दवाखान्यात नर्स झाले, दिवसभर हिब्रूत माणसांना गप्प करते. असं होतंच, त्याचं रडगाणं मी गाणार नाही. पण लोकांनी, "तुम्ही आता अगदी आमच्यासारखे झालात," असं कौतुकानं म्हटलं की अजून माझं डोकं फिरतं. तुमच्यासारखं व्हायला आम्ही आलो होतो असं तुम्हांला सांगितलं कोणी?

तर मी घराला वळसा घालून मागे गेले. खांब एकच उरला होता, तोही कललेला. आणि त्याच्यावर, कोणी पाणी घालत नसताना, वेल. खालून अर्धामुर्धा हिरवा, वर सगळा वाळलेला, आणि वाळलेल्यात गेल्या हंगामाच्या शेंगा. माझ्या तोंडून "अगं बाई!" असं इतक्या मोठ्यानं निघालं की पहारेकरी जागा झाला.

"ए! गीवेरेत! असूर!"

गीवेरेत म्हणजे बाईसाहेब, आणि पुढे तोच शब्द. मी मागे वळलेही नाही. मी शेंगा खुडत होते आणि ओढणीत टाकत होते. तो धापा टाकत जवळ आला. वयस्क माणूस, उन्हानं रापलेला. "काय घेतेस इथून? इथली वस्तू न्यायला परवानगी लागते."

"माझ्या आईची वस्तू आहे," मी म्हटलं. "तुझ्या साहेबाला परवानगी हवी असेल तर त्यानं तिच्याकडे मागावी."

त्यानं ओढणीत डोकावून बघितलं. वाळक्या शेंगा. त्यानं खांदे उडवले. "उद्या आली असतीस ना, तर यंत्रानं काही उरू दिलं नसतं," तो म्हणाला आणि वरच्या, माझा हात न पोचणाऱ्या शेंगा त्यानं काठीनं खाली ओढून दिल्या.

घरी येऊन आम्ही शेंगा फोडल्या. पुष्कळशा पोकळ निघाल्या. पुष्कळ दाण्यांना भोकं पडलेली. किडे आमच्या आधी सण करून गेले होते. शेवटी आईच्या ओंजळीत मावतील एवढे धड वाल उरले. मी तिच्याकडे बघत होते. ती आता थकली आहे, पुढच्या बिरड्याला असेल का हे तिचं तीच म्हणत असते. ओंजळभर वाल एका माणसाच्या बिरड्याला पुरतात.

"आई, भिजवू का? तुझ्यापुरतं होईल. यंदा तू आपल्याच वालांचं खा."

तिनं माझ्याकडे असं बघितलं की मी पुन्हा शाळेतली मुलगी झाले.

"खुळी की काय! एका संध्याकाळसाठी? मी खाऊन मरू आणि तुम्ही काय पेरणार, माझी बरणी?" मग जरा थांबून म्हणाली, "रामल्याच्या दुकानातले आण पिशवीभर. यंदा तेच गिळू."

उपासाच्या दिवशी आम्ही गॅलरीत फरशीवर बसून दुकानातले वाल सोलले. रोझा न बोलावता आली, मुकाट्यानं बसली आणि पहिलाच दाणा तिच्या बोटांतून सुटून आईच्या कपाळावर बसला. आई हसली, मी हसले, मग रोझाही. मंदिर जळाल्याच्या दिवशी तीन बायका उपाशी पोटी हसत होत्या. यांकू असता तर पुन्हा धावत आला असता. संध्याकाळी बिरडं खाऊन आई म्हणाली, "बरं झालंय. पण आपलं नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती काठी टेकत खाली उतरली. आमची इमारत नवी, पुढे कापलेली हिरवळ, हिरवळीत पाटी: झाडं लावायला मनाई. आईनं पाटीच्याच बुडाशी, भिंतीला धरून, ओंजळीतले अर्धे वाल पुरले. उरलेले बरणीत गेले, आणि बरणीवर रोझानं स्वतःच्या हातानं हिब्रूत मोठ्ठं लिहिलं: हात लावू नये.

काल कोंब वर आले. आज आईनं तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीतून खाली दोरी सोडली, वेलाला चढायला. मी कठड्याला दोरी बांधत होते तेवढ्यात खाली वादचा सेक्रेटरी येऊन उभा राहिला. तरुण, सभ्य माणूस, खिशात पेन. गेल्याच आठवड्यात मी त्याच्या पोराला इंजेक्शन दिलं आणि रडतो म्हणून बापलेक दोघांनाही हिब्रूत चांगलं झाडलं होतं.

"गीवेरेत," तो मान वर करून आईला म्हणाला, "ही दोरी कसली? आणि खाली काय लावलंय? हिरवळ सगळ्यांची आहे. असं चालत नाही."

आईनं त्याच्याकडे गोड हसून बघितलं. "हिब्रू नाही येत," ती म्हणाली.

त्यानं सुस्कारा सोडला आणि माझ्याकडे वळला, आता काम होणार अशा भरवशानं. "तुम्ही सांगा ना त्यांना."

आईनं माझ्याकडे बघितलंही नाही. ती दोरी ताणून बघत होती.

मी कठड्यावरून वाकले आणि खणखणीत मराठीत म्हटलं, "काय म्हणताय भाऊ? मलाही हिब्रू येत नाही." आणि दोरीला दुसरी गाठ मारली.